खुलासा : सोलो उड्डाणात कमांडर कोण?

मागच्या आठवड्यात मी लिहिलं होतं, ‘सीपीएल हातात येईपर्यंत विमानाची जबाबदारी इन्स्ट्रक्टरचीच.’ (सीपीएल म्हणजे कमर्शियल पायलटचा परवाना.) ते पालकांच्या ग्रुपवर बरंच फिरतंय. ते वाक्य चुकीचं आहे, आणि चूक माझी आहे.

इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असेल तर पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची अंतिम जबाबदारी असलेला वैमानिक, तोच, मग कंट्रोल विद्यार्थ्याच्या हातात का असेनात. इकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट २ मध्येही हेच आहे : कंट्रोल कोणीही धरलेले असोत, जबाबदार पायलट-इन-कमांड. पण पहिल्या सोलोला, म्हणजे एकट्याने करायच्या पहिल्या उड्डाणाला, इन्स्ट्रक्टर विमानातून खाली उतरतो, तेव्हा कमांड विद्यार्थ्याकडे येते. वय सोळा-सतरा असलं तरी. परवानगी आणि देखरेख इन्स्ट्रक्टरची असते, प्रवासी नेता येत नाही. तरीही ‘गो-अराउंड’ करायचा (म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं) की उतरायचं हे त्या मुलालाच ठरवावं लागतं. भारतात सीपीएलसाठी २०० तास लागतात, त्यातले किमान १०० पायलट-इन-कमांड म्हणून. ते सगळे सीपीएलच्या आधीचेच असतात! माझं वाक्य इथेच कोसळतं.

आणि जबाबदारी घ्यायची सवय तर त्याही आधी लागायला हवी, असं माझं मत. सेस्ना या छोट्या प्रशिक्षण विमानाच्या पंखाखालून नळीत इंधन काढून, उजेडात धरून, तळाला पाण्याचा थेंब आहे का हे विद्यार्थ्याने स्वतः बघावं. ‘सरांनी बघितलं असेल’ म्हणून चालत नाही.

जुनी पोस्ट मी काढली आहे. तुमच्याकडे तिचा स्क्रीनशॉट असेल तर कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा द्या.