स्कोडाला नावं ठेवण्याआधी म्लादा बोलेस्लाव्ह हे गाव माहिती करून घ्या

"फोक्सवॅगनने घेतली म्हणून स्कोडा सुधारली, नाहीतर नुसता डबा होता" हे वाक्य गाड्यांच्या ग्रुपवर इतक्या वेळा वाचलंय की आता यावर नीट लिहायलाच हवं. जरा मोठं होणार आहे, पण वाचा. त्या वाक्यातला अर्धा भाग बरोबर आहे, फोक्सवॅगनचा पैसा आणि टेक्नॉलॉजी आली नसती तर आजची स्कोडा दिसली नसती, मान्य. पण "नुसता डबा" हा जो भाग आहे ना, तो झेक देशातल्या म्लादा बोलेस्लाव्ह नावाच्या, जिथे स्कोडा बनते त्या, गावातल्या कारागिरांवर आणि इंजिनीअर लोकांवर सरळ सरळ अन्याय आहे आणि तो अन्याय आपण इथे बसून, काही माहिती नसताना करतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

सुरुवात 1895 ची. तेव्हा झेक लोक ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याखाली, सरकारदरबारी आणि धंद्यात जर्मन भाषेचा दरारा. वाक्लाव्ह क्लेमेंट नावाचा पुस्तकविक्रेता, सायकलचा शौकीन. त्याची जर्मन बनावटीची सायकल बिघडली, त्याने कंपनीच्या शाखेला आपल्या झेक भाषेत पत्र लिहिलं, तर उत्तर काय आलं, की आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा. गिऱ्हाइकाला, त्याच्याच मुलखात! या माणसाने मग वाक्लाव्ह लॉरिन नावाच्या मेकॅनिकला गाठलं आणि दोघांनी स्वतःच सायकली बनवायला घेतल्या. सायकलचं नाव ठेवलं स्लाव्हिया. आज आपल्याकडे चाकणला जी स्लाव्हिया सेडान बनते तिचं नाव तिथून आलंय, आणि स्कोडाच्या महागड्या गाड्यांच्या टॉप मॉडेलवर लॉरिन अँड क्लेमेंट लिहिलेलं असतं ते हेच दोघं. 1899 ला मोटरसायकली, 1905 ला पहिली कार. म्हणजे ज्या काळात युरोपात सुद्धा कार हे प्रकरण नवीन होतं त्या काळात हे लोक स्वतःचं इंजिन स्वतः करत होते आणि शर्यतीत उतरत होते.

स्कोडा हे नाव यात आलं ते 1925 ला. 1924 ला लॉरिन-क्लेमेंटच्या कारखान्याला मोठी आग लागली, धंदा आधीच अडचणीत होता, मग त्यांनी पिल्सेनच्या स्कोडा वर्क्सचा हात धरला. ही स्कोडा म्हणजे अवाढव्य कंपनी, तोफा, वाफेची इंजिनं, पोलादाचं सगळं काही, पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या अजस्र तोफा यांनीच बनवलेल्या. त्यानंतरची दहा-पंधरा वर्षं मला फार आवडतात. 1934 ची पॉप्युलर ही गाडी बघा कधीतरी नेटवर, हलकी, मधोमध एकच नळीसारखा कणा असलेली चासी, आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. त्याच वर्षी या पॉप्युलर गाड्या प्रागहून निघून आपल्या कलकत्त्यापर्यंत रस्त्याने आल्या होत्या. 1934 ला! इराण-बलुचिस्तानचे तेव्हाचे रस्ते डोळ्यासमोर आणा आणि मग सांगा डबा कुठला ते.

मग युद्ध. 1939 ला नाझींनी देश गिळला, कारखाना जर्मन युद्धयंत्रणेला जुंपला गेला, आणि 9 मे 1945 ला, म्हणजे युरोपात जर्मनीने शरणागती पत्करल्यावर, कारखान्यावर बॉम्ब पडले, माणसं मेली. त्यातून उठतायत तोवर राष्ट्रीयीकरण झालं, पिल्सेनपासून वेगळं केलं आणि 1948 नंतर तर सगळा देशच कम्युनिस्ट राजवटीत गेला. इथून पुढे गाडी कुठली बनवायची, किती बनवायची, पोलाद किती मिळणार, हे सगळं नियोजन मंडळ ठरवणार. माझा मुद्दा इथूनच सुरू होतो, कारण लोक ज्या स्कोडावर हसले ती या काळातली.

1964 ला 1000 एमबी (एमबी म्हणजे म्लादा बोलेस्लाव्ह) आली. त्यासाठी नवा कोरा कारखाना उभारला होता, आणि इंजिनचा ब्लॉक होता ॲल्युमिनियमचा, दाबाखाली साच्यात ओतलेला, त्या वेळी युरोपात रोजच्या वापरातल्या गाडीसाठी असं करणारे जवळपास नव्हतेच. इंजिन मागे होतं, तर त्यात काय, बीटल मागे इंजिनवाली, रेनॉची 8 तशीच, फियाटची 850 तशीच, ब्रिटिशांची हिलमन इम्प सुद्धा तशीच. म्हणजे 1964 ला ही गाडी आपल्या काळाच्या बरोबर चालणारी होती. झेक लोकांनीच 1000 एमबीचा अर्थ त्यांच्या भाषेत "हजार छोटी दुखणी" असा लावला होता हेही खरंय, बारीकसारीक कटकटी होत्याच, पण जगाच्या मागे नव्हती.

गडबड झाली ती पुढच्या पंचवीस वर्षांत. पश्चिमेकडे सगळे भराभर इंजिन पुढे, ड्राइव्ह पुढच्या चाकांना, असं करत गेले. गोल्फ आली, फिएस्टा आली, रेनॉ 5 आली. आणि स्कोडा? तीच मागे इंजिनवाली, कवच बदलून 1969 ला 100, परत कवच बदलून 1976 ला 105 आणि 120. आता यावर म्हणणारे म्हणतील की बघा, जमलंच नाही त्यांना. अरे जमत होतं! सत्तरच्या दशकात पूर्व जर्मनीबरोबर मिळून पुढच्या चाकांच्या ड्राइव्हची गाडी काढायचा घाट घातला गेला होता, प्रोटोटाइप झाले, आणि वरच्या पातळीवर फिसकटलं. ज्या माणसाला स्वतःची चूक दिसतेय, ती दुरुस्त कशी करायची हेही कळतंय, पण ड्रॉइंग बोर्डवरचं काम फाइलमध्येच पडून राहतंय, त्याच्यावर काय बेतत असेल हे सरकारी खात्यात किंवा मोठ्या कंपनीत काम केलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

आणि अशा अवस्थेत सुद्धा या लोकांनी काय केलं बघा. 120 चं पुढचं झाकण वर उघडत नाही, बाजूला उघडतं, पुस्तकाचं कव्हर उघडावं तसं, एका बाजूला बिजागऱ्या. पुढे डिकी, मागे इंजिन, आणि रेडिएटर परत पुढे, म्हणजे पाणी गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाइपातून फिरवायचं. जुन्याच ढाच्यात जेवढं बसवता येईल तेवढं बसवायची ही धडपड आहे, आळशी माणूस असलं काही करत नाही. ओल्या रस्त्यावर वळणात मागची बाजू सुटायची, हा दोष खरा होता, मागचं सस्पेन्शनच तसलं होतं, 1984 नंतरच्या 130 मध्ये ते बदललं तर ब्रिटिश पत्रकारांनी हाताळणीचं कौतुक केलं. आणि याच घराण्यातली 130 आरएस, 1977 च्या मॉन्टे कार्लो रॅलीत आपल्या क्लासमध्ये पहिली आलेली आहे. पोलादी पडद्याआडच्या कम्युनिस्ट देशातली गाडी, फ्रान्सच्या घाटात बर्फात, समोर पश्चिमेचे लोक, आणि पहिली!

तरी जोक झालेच. ब्रिटनमध्ये तर धंदाच झाला होता. स्कोडाची किंमत दुप्पट कशी करायची, तर टाकी फुल करून. मागच्या काचेला हीटर कशाला, तर ढकलताना हात गरम राहावेत म्हणून. गाडी तिथे मिळायची सर्वात स्वस्त गाड्यांच्या रांगेत, घेणारे पेन्शनर, कामगार, मोजून पैसे खर्च करणारी साधी माणसं. म्हणजे हसले कुणावर, तर नवी गाडी परवडत नव्हती म्हणून ही घेतलेल्या माणसावर. आणि गंमत म्हणजे ज्यांनी घेतली त्यातले कित्येक जण गाडीवर खूश होते आणि परत स्कोडाच घ्यायचे. ज्यांनी कधी चालवली नाही ते जास्त हसले. हे सगळीकडे असंच असतं.

1987 ची फेव्हरिट ही माझ्या मते स्कोडाच्या इतिहासातली सर्वात महत्त्वाची गाडी आहे आणि तिचं नाव कुणी घेत नाही. सरकारने शेवटी ऐंशीच्या दशकात हिरवा कंदील दाखवला, डिझाइन इटलीच्या बेर्तोनेकडून घेतलं आणि थोडक्या वर्षांत पुढच्या चाकांच्या ड्राइव्हची हॅचबॅक उभी केली. इंजिन कुठलं? त्याच 1964 च्या ॲल्युमिनियम इंजिनाचा वंशज. आणि हे इंजिन, सुधारत सुधारत, फोक्सवॅगनच्या राज्यात सुद्धा फाबियामध्ये 2003 पर्यंत चाललं! डब्याचं इंजिन जर्मन लोकांनी ठेवलं असतं का हो इतकी वर्षं?

1989 ला क्रांती झाली, राजवट गेली, आणि नव्या सरकारला भागीदार हवा होता. शेवटी दोन नावं उरली, रेनॉ आणि फोक्सवॅगन. डिसेंबर 1990 मध्ये सरकारने फोक्सवॅगनला पसंती दिली, कारण ब्रँड जिवंत ठेवू, डिझाइन आणि इंजिनीअरिंग म्लादा बोलेस्लाव्हलाच राहील असा शब्द मिळाला होता. एप्रिल 1991 पासून भागीदारी सुरू झाली, आधी 30 टक्के, मग वाढत वाढत 2000 ला शंभर टक्के. पण हे काही देवदूत आला आणि उद्धार केला असलं प्रकरण नाही. 1993 ला फोक्सवॅगन स्वतः तोट्यात होती तेव्हा स्कोडासाठी ठरलेलं मोठं कर्ज त्यांनी ऐनवेळी रद्द केलं आणि झेक लोकांमध्ये फसवलं गेल्याची भावना पसरली होती. तरी काम चालू राहिलं, 1994 ला फेव्हरिट सुधारून फेलिशिया, आणि 1996 ला ऑक्टाव्हिया. पैसा आला, चांगले सप्लायर आले, क्वालिटीची शिस्त आली, आणि हात तेच होते. बाहेरून आलेल्या पैशाने शंभर वर्षांचा हातगुण विकत मिळत नाही, मिळाला असता तर पूर्व युरोपातल्या बाकीच्या कंपन्याही अशाच उभ्या राहिल्या असत्या. पूर्व जर्मनीची ट्रॅबंट कुठंय? वार्टबुर्ग कुठंय?

आणि तरीही गाडी सुधारल्यावर नाव सुधारायला परत दहा वर्षं गेली. ब्रिटनमध्ये 2000 साली कंपनीने शेवटी जाहिरातीतच विषय काढला, "इट्स अ स्कोडा, ऑनेस्ट" म्हणून. एका जाहिरातीत पार्किंगवाला गाडीच्या मालकाची माफी मागतो की कुणा व्रात्य पोराने तुमच्या गाडीवर स्कोडाचा बिल्ला चिकटवलाय. मला ती जाहिरात बघताना हसू येण्याऐवजी त्या कारखान्यातल्या माणसांचं काय झालं असेल असं वाटतं, स्वतःची गाडी विकायला स्वतःच्या नावाची बदनामी मान्य करावी लागली. पुढे त्याच ब्रिटनचे पोलीस ऑक्टाव्हिया घेऊन फिरायला लागले, आणि 2014 ला स्कोडाने एका वर्षात दहा लाख गाड्यांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला.

आता आपल्याकडचं. भारतात स्कोडा 2001 ला आली ती थेट औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, शेंद्रा एमआयडीसीत. आपल्याला ते ब्रिटिश जोक माहितीच नव्हते, त्यामुळं आपल्यासाठी स्कोडा पहिल्या दिवसापासून भारी गाडी. डिझेल म्हणजे काळा धूर आणि खडखडाट असं समीकरण असताना ऑक्टाव्हियाचं 1.9 टीडीआय डिझेल इंजिन आलं आणि हायवेवर लोकांना कळलं की डिझेल असंही पळतं. दिसायला सेडान पण मागची काचेसकट अख्खी पाठ वर उचलली जाते आणि आत 528 लिटरची डिकी, लग्नाच्या अख्ख्या खरेदीच्या पिशव्या बसतील एवढी. दार लावल्यावरचा तो भरीव "धप्प" आवाज ज्याने ऐकलाय तो विसरत नाही. दुसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया आली तेव्हा पहिलीला इतकी मागणी होती की ती चालूच ठेवली आणि नवीला लॉरा नाव द्यावं लागलं.

म्हणजे तिकडे गाडीची बदनामी आणि माणसं खूश, आणि इकडे गाडीचं कौतुक पण "घेऊ नको रे, सर्व्हिस आणि पार्ट्स परवडणार नाहीत" हा सल्ला पानाच्या टपरीवर सुद्धा मिळायचा. हे नाव भारतात खराब झालं ते सर्व्हिस आणि पार्ट्सच्या बिलांमुळे, शेंद्र्यातल्या लाइनवर नाही, आणि म्लादा बोलेस्लाव्हच्या डिझाइन ऑफिसात पण नाही. 2015 च्या फोक्सवॅगन ग्रुपच्या डिझेल घोटाळ्यात पण तेच, धुराच्या चाचणीत पास व्हायला सॉफ्टवेअरमध्ये लबाडी वरच्यांची, आणि जगभरातल्या 12 लाखांच्या आसपास स्कोडा त्यात अडकल्या, भारतात ग्रुपच्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवायची वेळ आली. आधी नियोजन मंडळ, मग हेड ऑफिस. निर्णय घेणारे वेगळे आणि नाव ज्यांचं जातं ते वेगळे, याची मला फार चीड आहे.

2021 पासून कुशाक आणि मग स्लाव्हिया, दोन्ही चाकणच्या, ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये दोघींना पाच स्टार, पार्ट्स 95 टक्क्यांपर्यंत इथेच बनतात असं कंपनी सांगते. आता कायलॅक पण आलीय. छान. पण पार्ट्स इथे बनतात तर त्याचा फायदा पाच-सात वर्षं जुन्या गाडीच्या मालकाच्या बिलात दिसू दे, लेबर आणि पार्ट्सचे दर प्रत्येक वर्कशॉपच्या भिंतीवर लागू देत, आणि पुण्या-मुंबईबाहेर, लातूर-परभणीकडच्या माणसाला एका सेन्सरसाठी दोनशे किलोमीटर जावं लागू नये एवढं करा. गाडी चांगली बनवणं तुम्हाला येतं, ते तुम्ही सगळ्यात वाईट दिवसांत पण करून दाखवलंय.

शेंद्र्यात सुरुवातीच्या ऑक्टाव्हिया जोडलेलं कुणी इथे असेल तर प्लीज कमेंटमध्ये लिहा, झेक ट्रेनर कसे होते, ट्रेनिंग कसं झालं, पहिली गाडी लाइनवरून उतरली तेव्हा काय वातावरण होतं. हे कुणीतरी मराठीत लिहून ठेवायला हवंय.