ई-रीडर घेण्याआधी ‘दुसऱ्या’ हा शब्द उघडून बघा

मे महिना जवळ आला की बडोद्याहून इकडे टोरांटोत एक प्रश्न हमखास येतो. सुट्टीत पुण्याला, कोल्हापूरला जायचंय, गाडीत मुलांच्या हाती मोबाइल द्यायचा नाही, तर ई-रीडर, म्हणजे नुसती पुस्तकं वाचायचं यंत्र, कोणता घ्यावा? प्रश्नामागोमाग घरातला वादही येतो. एकाचं म्हणणं, स्क्रीन ती स्क्रीनच, पुस्तक कागदाचंच हवं. दुसरा म्हणतो, फोनवर सगळं असताना आणखी एक यंत्र कशाला? तिसरा आवाज हळू असतो, पण मुद्दा त्याचाच जड आहे: मुलं इंग्रजी किंवा गुजराती शाळेत जातात, मग त्या यंत्रात मराठी काय वाचणार?

पहिल्या दोघांना उत्तर देणं सोपं आहे. ई-रीडरच्या ई-इंक नावाच्या पडद्यात काळे-पांढरे कण असतात, पान उलटताना ते हलतात आणि मग जागच्या जागी राहतात. बाहेरचा उजेड परावर्तित होऊन अक्षर दिसतं, कागदावर दिसतं तसं. म्हणून डोळे थकतच नाहीत असं नाही, जवळ धरून तासन्तास वाचलं की कोणतंही पुस्तक थकवतं. पण या पडद्यावर व्हिडिओ नीट चालत नाही, मेसेज येत नाहीत आणि पान सावकाश उलटतं. प्रवासात मुलांना नेमकं हेच हवं. फोनवर पुस्तक असतंच, पण त्याच फोनवर बाकीचंही सगळं असतं.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र थांबायला हवं, कारण परदेशातला सल्ला तिथेच निरुपयोगी ठरतो. टोरांटोत ई-रीडरची निवड बऱ्याच अंशी ग्रंथालय ठरवतं. सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड असलं की ई-पुस्तकं मोफत उसनी मिळतात, आणि कोबो या कंपनीच्या ई-रीडरमध्ये ती थेट उतरतात. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-रीडरवर, अशी उसनी पुस्तकं फक्त अमेरिकेतल्या ग्रंथालयांतून घेता येतात, म्हणून कॅनडातले पालक सरळ कोबो घेतात. ही गणितं बडोद्यात लागू पडत नाहीत. ‘मुलांसाठी उत्तम पाच ई-रीडर’ छापाच्या इंग्रजी याद्या वाचून मांडवीत किंवा रावपुऱ्यात बसून यंत्र मागवलं, तर इंग्रजी गोष्टींचं छान यंत्र हाती येतं आणि मराठी तशीच बाहेर राहते.

खरं तर बडोद्याचं मूल इथल्या मराठी मुलाच्या कितीतरी पुढे आहे. शाळेत हिंदी असल्याने देवनागरी त्याला येते, घरात मराठी कानावर असते. त्याला हवेत फक्त ‘ळ’, ‘ॲ’, अर्धा ‘ऱ’ आणि हाताशी पुस्तक. इकडच्या मुलांना लिपीपासून सुरुवात करावी लागते. ई-रीडरचा खरा उपयोग बडोद्यातच आहे, असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून माझी पहिली परीक्षा अक्षरांची. कुठलंही यंत्र, नवं असो वा कुणाचं जुनं, हाती आलं की एक छोटी फाइल त्यात टाकायची. तिच्यात एवढंच लिहायचं: दुसऱ्या, वऱ्हाड, ॲप, ऑगस्ट, हृदय, ज्ञान, क्षण, ट्रक, किल्ला, श्रीखंड, बाळ. मग भिंगातून बघितल्यासारखं बघायचं. ‘दुसऱ्या’तला ‘ऱ’ पापणीसारखा वळलेला दिसायला हवा. त्याऐवजी ‘य’च्या डोक्यावर रफार बसून ‘दुसर्या’ झालं असेल, तर मूल पुढच्या तीस पानांत चुकीचं मराठी शिकणार. बिघाड बहुधा यंत्राचा नसतो, फाइलचा असतो. पापणीचा ‘र’ दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ‘ऱ’ आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. फाइल एका रूपातून दुसऱ्यात नेताना काही साधनं ते न दिसणारं चिन्ह ‘कचरा’ समजून काढून टाकतात, आणि पापणीचा रफार होतो. उपाय असा, की मूळ फाइलमध्येच शोधा-बदला करून जोडचिन्हाच्या प्रत्येक ‘र’च्या जागी नुक्त्याचा ‘ऱ’ घालायचा.

‘ॲ’च्या जागी चौकोन दिसला, तर फॉन्ट जुना आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या सामायिक अक्षरयादीत, २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉन्टांना ते ठाऊकच नाही. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसले, तर पुस्तकाच्या माहितीत भाषा मराठी नोंदवलेली नाही, किंवा फॉन्टमध्ये मराठी आकारच नाहीत. तिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट याच वळणांसाठी केलेला आहे. किंडल आणि कोबो दोन्हींत यूएसबी केबल जोडली की ‘फॉन्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये आपला फॉन्ट टाकता येतो. हा फोल्डर कोबोत नसेल तर आपण करायचा. कोबोत आणखी एक खाच आहे: साधी ईपब आणि कोबोची स्वतःची केपब या ई-पुस्तकांच्या दोन फाइल-प्रकारांसाठी आत वेगवेगळी यंत्रणा चालते, त्यामुळे एकच पुस्तक एकात फुटकं आणि दुसऱ्यात धड दिसू शकतं. फुटकं दिसलं तर केपब करून बघा.

आता पुस्तकं. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं २०१६च्या डिसेंबरपासून आहेत, विकत घेतलेलं पुस्तक सहसा नीट उघडतं. मोफत आणि कायदेशीर हवं असेल तर प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे, त्यात मराठी गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीच्या गोष्टी चित्रांवर चालतात, काळ्या-पांढऱ्या पडद्यावर त्यांचा जीव जातो. त्या कागदावरच वाचाव्यात. तिसरी-चौथी पातळी ई-रीडरला बरी. मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावरून पुस्तक थेट ईपब म्हणून उतरवता येतं, आणि तिथे हक्क संपलेलं साहित्य असतं. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११पासून सर्वांचं झालं.

घोटाळा होतो तो पीडीएफमध्ये. नातेवाइकांच्या गटात फिरणारं मराठी पुस्तक हटकून ए-फोर आकाराची पीडीएफ असतं. सहा इंची पडदा जेमतेम ९ सेंटिमीटर रुंद, ए-फोर पान २१ सेंटिमीटर. १२ पॉइंटचं अक्षर तिथे पाच पॉइंटच्या आसपास येतं, आणि उकार-अनुस्वार दिसेनासे होतात. ए-फाइव्ह पान मात्र चालून जातं, विशेषतः यंत्र आडवं धरून अर्धं-अर्धं पान वाचलं तर.

पीडीएफची ईपब करू म्हणाल, तर आधी एक ओळ उचलून फोनच्या मेसेजमध्ये चिकटवा. रोमन अक्षरांची खिचडी आली, तर पुस्तक श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात केलेलं आहे. ते आधी युनिकोडमध्ये न्यावं लागेल. देवनागरी आली पण ‘किल्ला’ची पहिली वेलांटी सुटून शब्दाच्या पुढे लटकली, तर पीडीएफने अक्षरांचा क्रम बिघडवलाय, हाताने दुरुस्ती करावी लागेल. काहीच उचललं गेलं नाही, तर ती नुसती छायाचित्रं आहेत. अशा तिन्ही वेळी लहान मुलाच्या पुस्तकासाठी दुसरी प्रत शोधणं हे दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतं.

मजकूर धड युनिकोडमध्ये असेल तर काम तासाभराचं आहे. वर्डमध्ये प्रकरणांच्या नावांना ‘हेडिंग’ शैली द्या, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप होते. फाइल कॅलिबर या मोफत साधनात घ्या. पुस्तकाच्या माहितीत भाषा ‘मराठी’ करा, इथेच बहुतेकांचं राहून जातं. रूपांतर करताना फॉन्ट पुस्तकातच बसवा, पण फॉन्ट छाटून लहान करण्याचा पर्याय बंद ठेवा, जोडाक्षरांचे आकार छाटले जाण्याचा धोका नको. कोबोसाठी ईपब तशीच चालते. किंडलसाठी तीच ईपब ‘सेंड टू किंडल’ने पाठवता येते: ईमेलने ५० एमबीपर्यंत, संकेतस्थळावरून २०० एमबीपर्यंत. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा एक पायरी जास्त ठेवा. देवनागरीत वर मात्रा-अनुस्वार, खाली उकार, दाटीवाटीत मुलाची ओळ चुकते.

यंत्राबद्दल माझं मत साधं आहे. सहा किंवा सात इंच, काळा-पांढरा, ३०० पीपीआय (इंचाला ३०० ठिपके). रंगीत ई-इंक मुलांसाठी म्हणून खपवला जातो, पण त्यात रंग १५० पीपीआयला येतात, वरच्या गाळणीमुळे पडदा करडा दिसतो आणि दिवा कायम लावावा लागतो. बारीक अनुस्वाराला ते मानवत नाही. २०१९चा साधा किंडल १६७ पीपीआयचा होता, जुना घेताना हे बघा.

आमच्यासारखे परदेशस्थ जुनं यंत्र भेट म्हणून आणतात, त्यातही दोन गोष्टी पाहायच्या असतात. देणाऱ्याने ते आपल्या खात्यातून काढलं पाहिजे, नाहीतर त्याचं पैसे भरायचं कार्ड लहान मुलाच्या बोटाखाली राहतं. नंतर ते बडोद्यातल्या पालकांच्या भारतीय खात्याला जोडायचं. अमेरिकेत स्वस्तात मिळणाऱ्या काही आवृत्त्यांत बंद पडद्यावर जाहिराती येतात. मुलाच्या यंत्रावर त्या नकोत, भेट घेतानाच जाहिरातीविना घ्यावी. मग सेटिंगमधल्या पालक-नियंत्रणात दुकान आणि ब्राउझर पिन लावून बंद करायचे.

चार्जिंगची काळजी करू नका, पण कंपनीचे ‘सहा आठवडे’ही तसेच धरू नका. ते रोज अर्धा तास, वायफाय बंद, असं धरून असतात, म्हणजे सुमारे २१ तास. सुट्टीत रोज तीन तास वाचणाऱ्या मुलाला आठवडा पुरतं. रात्रीच्या गाडीत डब्यातले चार्जिंग पॉइंट ११ ते पहाटे ५ बंद असले तरी अडत नाही.

खरे शत्रू तीन. एक दाब: पडदा बहुधा काचेच्या थरावर असतो, दप्तरात स्टीलच्या डब्याचा कोपरा टेकला की वरून ओरखडाही दिसत नाही, पण अर्धं पान रेघांनी गोठतं. पडदा बदलायचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो, म्हणून समोरची बाजू झाकणारं कडक कव्हर पहिल्या दिवशीच घ्या. दोन ऊन: किंडल ३५ अंशांपर्यंत वापरण्यासाठी केलेला आहे, आणि बडोद्याचा मे त्याच्या बराच वर जातो. पावागडच्या पायथ्याला उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवला, तर बॅटरीचं आयुष्य कमी होतं. इकडे जानेवारीत उलटं होतं, गारठ्यात कण सावकाश हलतात आणि आधीच्या पानाची सावली राहते. तीन पाणी: साधा किंडल जलरोधक नाही, आणि बाटली सांडते ती दप्तरातच.

घाटातल्या मोटारीत मात्र कोणताच ई-रीडर देऊ नका. सापुताऱ्याच्या वळणांवर खाली बघून वाचणाऱ्या मुलाला मळमळणारच, तिथे ऐकण्याची गोष्ट लावा. दिवसाभरात परत यायच्या सहलीलाही यंत्र नेण्याची गरज नाही. सहा-सात वर्षांखालच्या मुलाला तर ते घेऊच नये.

बडोद्याने हा प्रश्न एकदा वेगळ्या रूपात सोडवलेला आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि १९१०मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली. त्यातूनच लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवणारी फिरती ग्रंथालयं निघाली. पेटी कशाची केली हे गौण होतं, आत काय घालायचं ते मध्यवर्ती ग्रंथालयात कुणीतरी बसून निवडत असे. ई-रीडरचंही तसंच. दहा दिवसांच्या प्रवासाला आठ पुस्तकं पुरतात: पाच मराठी, मुलाच्या इंग्रजी वाचनापेक्षा एक पायरी सोपी, आणि तीन त्याच्या आवडीची. पायरी सोपी अशासाठी, की इंग्रजी शब्दावर बोट दाबलं की अर्थ येतो, मराठी शब्दासाठी शेजारचं मोठं माणूस लागतं. दोनशे पुस्तकं भरली तर मूल यादीच चाळत बसतं.

निघायच्या आदल्या रात्री यंत्र पूर्ण चार्ज करा, एअरप्लेन मोड लावा, आणि मग आठही पुस्तकं एकेक करून उघडा. मुखपृष्ठ दिसलं म्हणजे पुस्तक उतरलं असं नसतं, कधी कधी नुसतं चित्र यंत्रात असतं आणि मजकूर क्लाउडवर. प्रत्येकाचं मधलं एखादं पान काढा, त्यात ‘दुसऱ्या’ किंवा ‘साऱ्या’ असा एखादा शब्द शोधा, आणि तो धड दिसला की कव्हर मिटून यंत्र हातातल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या बॅगेत नको.