माझ्याच अर्जाची प्रत मला मिळणार नाही

काल दुपारी वकिलाच्या कार्यालयातून चार ओळींचा मेल आला. कंपनीने पर्म (अमेरिकेत ग्रीन कार्डासाठी कंपनीने श्रमखात्याकडे करायचा पहिला अर्ज) मागे घेतले आहे, फाईल बंद करण्यात आली आहे, आमचे अशील कंपनी असल्यामुळे आपल्याला अर्जाची प्रत किंवा कोणताही सल्ला देता येणार नाही, आणि आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. मागच्या मंगळवारी नऊ मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर नोकरी गेली, तेव्हा मी गप्प बसून ऐकून घेतले होते. कपात होते, माणसे जातात, हे मला समजते. या मेलने मात्र माझे डोके फिरले आणि ते अजून ताळ्यावर आलेले नाही.

याच कार्यालयाने दोन वर्षे माझ्याकडून एकेक कागद ओरबाडून घेतला आहे. पुणे विद्यापीठाच्या प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका, जुन्या पासपोर्टांची कोरी पानेसुद्धा, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, हे सगळे मी मागितल्या दिवशी पाठवले. हिंजवडीतल्या माझ्या जुन्या कंपनीचे अनुभवपत्र तर त्यांनी तीन वेळा परत पाठवले. एकदा कामाचे वर्णन जुळत नव्हते, एकदा आठवड्याचे तास लिहिलेले नव्हते, आणि एकदा सही होती पण सहीखाली हुद्दा नव्हता. त्या पत्रासाठी एकाहत्तर वर्षांचे माझे वडील गुडघेदुखी घेऊन कोथरूडहून हिंजवडीला पीएमपीच्या बसने तीन खेपा घालून आले आणि तिसऱ्या खेपेला स्वागतकक्षात दोन तास बसून राहिले. तेव्हा याच कार्यालयातल्या बाई मला आठवड्यातून दोनदा फोन करून ‘तुमची केस’ म्हणत होत्या. आता ती केस माझी राहिलेली नाही. ज्या अर्जात माझे शिक्षण, माझा अनुभव, माझ्या वडिलांच्या त्या तीन खेपा भरलेल्या आहेत, त्याच्याशी माझा काही संबंध नाही असे मला लेखी कळवण्यात आले आहे. सोमवारी एका नव्या वकिलाशी पैसे मोजून बोललो, तर त्यांचा पहिलाच प्रश्न होता, ‘जुन्या ९०८९ ची, म्हणजे पर्मच्या फॉर्मची, प्रत आहे का?’ आज त्यांना कळवावे लागले की ती मिळणार नाही.

सगळ्या कागदांवर मला बेनिफिशियरी म्हणतात. लाभार्थी! पिटिशनर म्हणजे अर्जदार कंपनी, वकील कंपनीचा, सही कंपनीची, मागे घेण्याचा अधिकार कंपनीचा, आणि लाभ तेवढा म्हणे माझा. निरोपाच्या कॉलवर एचआरच्या बाईंनी वर ऐकवले की कंपनीने तुमच्या इमिग्रेशनवर बराच खर्च केला आहे. पर्मचा खर्च मालकानेच करायचा आणि तो कर्मचाऱ्याकडून वसूल करायचा नाही, हा २००७ पासूनचा नियम आहे. कायद्याने जो करावाच लागतो, तो खर्च उपकार म्हणून सांगितलेला मला सहन होत नाही.

आणि उशीर कोणी केला? मी रुजू झालो तेव्हा सांगितले, एक वर्ष थांबा, तसे धोरणच आहे. वर्ष झाल्यावर मॅनेजर म्हणाले, पुढच्या तिमाहीत. मग विभागाची फेररचना झाली, माझे पदनाम बदलले आणि प्रिव्हेलिंग वेज, म्हणजे त्या पदाचा श्रमखात्याने ठरवलेला प्रचलित पगार, पहिल्यापासून मागवावे लागले. मग त्या पदासाठी इथला उमेदवार मिळत नाही हे दाखवायला जाहिराती. सलग दोन रविवारी इथल्या वर्तमानपत्रात माझ्याच नोकरीची जाहिरात छापून आली, आणि मी चहाचा कप बाजूला ठेवून ती वाचत बसलो. बोटभर जागेत माझी पदवी, मला येणाऱ्या संगणकीय भाषा, माझ्या कार्यालयाचा पत्ता, सगळे होते. बायकोने ते दोन्ही तुकडे कात्रीने कापून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवले. परवा ते फोल्डर काढले तर कागद पिवळा पडू लागला आहे.

या टाळाटाळीत दोन वर्षे गेली नसती, तर आय-१४०, म्हणजे पर्मनंतरची कंपनीची ग्रीन कार्डाची पिटिशन, केव्हाच मंजूर झाली असती. ती मंजूर झाली की प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, माझ्याबरोबर पुढच्या कंपनीत आली असती, आणि मंजुरीला १८० दिवस उलटल्यावर कंपनीने पिटिशन मागे घेतली असती तरी तेवढ्यावरून ती रद्द झाली नसती. माझ्या एच-१बी या कामाच्या व्हिसामुळे मिळालेल्या एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्या माझ्या बायकोला कामाचा परवाना मिळाला असता. ती सीए आहे, नाशिकमध्ये तिची स्वतःची प्रॅक्टिस होती, आणि इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये ती सव्वापाच वर्षे घरात बसून आहे. गेल्या वर्षी दिवाळीत तिने मला एकदाच विचारले, ‘अहो, अजून किती?’ मी म्हणालो, आय-१४० झाली की लगेच. आज तिने काहीच विचारले नाही.

पर्म फाईल होऊन ३३१ दिवस झाले होते. त्या ३३१ दिवसांचे आता काहीही उरलेले नाही. नवी कंपनी मिळाली तर पुन्हा वेज, पुन्हा दोन रविवार, पुन्हा श्रमखात्याची रांग. ज्या कंपन्यांनी गेल्या सहा महिन्यांत स्वतःच कपात केली आहे, त्यांना तशाच कामावरून काढलेल्या लोकांना त्या जागेबद्दल आधी कळवावे लागते, म्हणून त्यांतल्या कित्येक पर्मला हातच लावत नाहीत. एच-१बी एकूण सहा वर्षांचा, आणि माझ्या सहाव्या वर्षाचे आठ महिने उरले आहेत. नोकरी गेल्यावर इथे थांबण्याचा ग्रेस पीरियड साठ दिवसांचा, त्यातले नऊ दिवस संपले. त्या मुदतीत दुसऱ्या कोणत्या कंपनीने माझ्या एच-१बीचे ट्रान्स्फर फाईल केले नाही तर बी-२ या पर्यटक व्हिसाचा अर्ज करून तात्पुरते थांबायचे, आणि पुढे काय ते कोणी सांगू शकत नाही.

त्यात ओळखीचे लोक. महाराष्ट्र मंडळातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी फोन करून समजावले की आम्हीही हे सगळे भोगले आहे, धीर धरा. त्यांनी २००७ च्या जुलैमध्ये जवळपास सगळ्या तारखा करंट झाल्या, म्हणजे रांगच उरली नाही, तेव्हा आय-४८५ हा ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज भरला होता, हे साऱ्या मंडळाला ठाऊक आहे. भारताची ईबी-२ ची, म्हणजे नोकरीवरच्या ग्रीन कार्डांच्या दुसऱ्या श्रेणीची, तारीख २०२५ च्या संपूर्ण वर्षात २०१३ च्या पुढे गेली नाही. वर्षाला नोकरीवरची १,४०,००० ग्रीन कार्डे आणि एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, एवढ्या मोठ्या रांगेत ज्याला साधा क्रमांकही मिळू दिला नाही, त्याला धीराचा उपदेश करू नये. पुण्याहून चुलतभावाचा निरोप आला की परत या, इथे काय कमी आहे. काहीच कमी नाही. परत यायचेच असेल तर ते मी आणि बायको ठरवू. ते एका मंगळवारी नऊ मिनिटांत दुसऱ्या कोणी ठरवायचे नाही.

नव्या वकिलांनी एकच उपाय सांगितला. या काळात अमेरिकेबाहेर काढलेले पूर्ण दिवस सहा वर्षांच्या हिशोबातून परत मागता येतात. काल रात्री मुलगी झोपल्यावर आम्ही दोघे पासपोर्ट उघडून मुंबई विमानतळाचे शिक्के मोजत बसलो. बायको तारखा वाचत होती आणि मी वहीत मांडत होतो. छत्तीस दिवस निघाले. स्टॅम्पिंगमध्ये, म्हणजे भारतात पासपोर्टवर व्हिसा लावून घेण्यात, अडकलो तर नोकरी जाईल, ग्रीन कार्डाचे काम थांबेल, या भीतीने मी गेलोच नव्हतो. बाबांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशने झाली, त्यातला एकही दिवस त्या छत्तीसात नाही.