‘ओव्हन जुना झाला, थर्मोस्टॅट गेला’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडच्या घरगुती बेकिंगच्या व्हॉट्सअॅप गटांत गेले काही आठवडे एक संदेश फिरतो आहे. मला तो चार परिचितांकडून मराठीत आला आणि पाचव्याकडून कन्नडमध्ये. त्याचा सारांश असा : भिंतीत बसवलेला इलेक्ट्रिक ओव्हन दहा वर्षांचा झाला की त्याचे तापमान चुकू लागते, आणि तापमान चुकले म्हणजे थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग) गेला. खात्रीसाठी आत थर्मामीटर ठेवावा, बटण १८० वर लावावे आणि ओव्हन तापत असल्याचे दाखवणारा दिवा विझताक्षणी आकडा पाहावा. तो १८० नसेल तर निदान पक्के. आपल्या भागात व्होल्टेज कमी असल्यामुळे हे लवकर घडते, म्हणून स्टॅबिलायझर लावावा. दुरुस्तीवर पैसे घालवू नयेत आणि नवा ओव्हन येईपर्यंत प्रत्येक पाककृतीत २० अंश वाढवून काम चालवावे.

टिळकवाडीतल्या एका ताईंनी हा संदेश वाचून, तक्रार नेमकी काय आहे हे कोणालाही न दाखवता, थर्मोस्टॅट बदलून घेतला. दिवाळीची नानकटाई त्यानंतरही वरून करपली आणि तळाशी कच्ची राहिली, कारण दोष खालच्या कॉइलमध्ये, म्हणजे ओव्हन तापवणाऱ्या तारेत, होता आणि थर्मोस्टॅट धडधाकट होता. त्या नानकटाईमुळेच हे सविस्तर लिहावे लागत आहे.

प्रथम त्या चाचणीविषयी. ओव्हन एकाच तापमानावर स्थिर राहत नाही. कॉइल चालू होते, तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर जाते, कॉइल बंद होते, तापमान खाली येते आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. बटण १८० वर असताना आतली हवा १७० आणि १९० यांच्यामध्ये हेलकावे खात असेल, तर तो ओव्हन बिघडलेला नसून नेमका जसा चालायला हवा तसा चालतो आहे. दिवा पहिल्यांदा विझतो तेव्हा तर परिस्थिती सर्वांत फसवी असते, कारण त्या वेळी हवा तापलेली असली तरी भिंती आणि जाळी पुरत्या तापलेल्या नसतात. शिवाय बाजारात मिळणारा टांगता, काट्याचा थर्मामीटर स्वतःच संथ असतो. त्याला खरा आकडा दाखवायला काही मिनिटे लागतात. म्हणजे संथ यंत्राने, घाईच्या क्षणी, एकच वाचन घ्यायचे आणि त्यावरून ओव्हनला दोषी ठरवायचे, असा हा सल्ला आहे.

योग्य पद्धत वेळखाऊ आहे, अवघड मुळीच नाही. रिकाम्या ओव्हनच्या मधल्या जाळीवर, मध्यभागी, थर्मामीटर ठेवावा. १८० लावून अर्धा तास दार उघडू नये. त्यानंतर दिवा लागण्या-विझण्याची तीन-चार चक्रे काचेतून पाहावीत, प्रत्येक चक्रातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा लिहून घ्यावा आणि त्यांची सरासरी काढावी. ती सरासरी १८० च्या आसपास पाच-सात अंशांत असेल, तर तापमानाचा विषय तिथेच संपतो. मल्टीमीटरला (विजेची मोजमापे घेणाऱ्या यंत्राला) जोडायची तापमान मोजणारी तारेची शोधणी, म्हणजे प्रोब, वापरणाऱ्यांनी ती आधी उकळत्या पाण्यात धरून पाहावी. मात्र बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे पाणी १०० ऐवजी साधारण ९७ ते ९८ अंशांना उकळते, तेव्हा त्या दोन-तीन अंशांसाठी शोधणी परत करायला दुकानात जाऊ नये. थर्मामीटर नसेल तर साखरेचा आधार घेता येतो. साखर सुमारे १८६ अंशांना वितळते. त्यामुळे चमचाभर साखर १७५ वर पंधरा मिनिटे ठेवली तर दाणे दाणेच राहायला हवेत आणि १९० वर तेवढ्याच वेळात ती वितळायला हवी. मांडे करणाऱ्या बायकांना उपड्या खापराचा ताव नुसत्या नजरेने आणि हाताने कळतो, ही खरी विद्या आहे. पण बंद काचेमागच्या पेटीत ती चालत नाही.

व्होल्टेजचा मुद्दा अर्धा खरा आहे. कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून २३० व्होल्टला २००० वॅट देणारी कॉइल २०० व्होल्टला सुमारे १५०० वॅट आणि १८० व्होल्टला जेमतेम १२०० वॅट देते. ओव्हन त्यामुळे उशिरा तापेल, आणि वरचा ग्रिल फिका भाजेल. परंतु एकदा भिंती तापल्या की १८० अंश टिकवून धरायला पूर्ण शक्तीचा काही भागच लागतो; म्हणूनच तर दिवा अधूनमधून विझतो. व्होल्टेज कमी असले तर कॉइल जास्त वेळ चालू राहते आणि कमी वेळ बंद, एवढाच फरक पडतो. तापमान कुठे थांबवायचे हे थर्मोस्टॅट किंवा सेन्सर ठरवतो, वीजवाहिनी ठरवत नाही. दिवा नियमित लागत-विझत असताना सरासरी ३० अंश खाली येत असेल, तर व्होल्टेजला बोल लावण्यात अर्थ नाही आणि एवढ्या वजनदार भारासाठी लागणारा मोठा स्टॅबिलायझर विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. दिवा तासभर विझतच नसेल तर मात्र वायरमनला बोलावून ओव्हन चालू असतानाचे व्होल्टेज जोडणीपाशी मोजून घ्यावे. घरातल्या इतर ठिकाणी ते ठीक आणि ओव्हनपाशीच कमी भरले, तर सैल स्क्रू किंवा जळकी जोडणी शोधावी. ३००० वॅटचा ओव्हन सुमारे १३ अँपिअर खेचतो आणि सैल जोडणी तेवढ्याने काळी पडते.

आता मुख्य दावा : तापमान चुकले म्हणजे थर्मोस्टॅट गेला. इथे पहिला प्रश्न असा विचारायला हवा की ओव्हन थंड पडतो आहे की जास्त तापतो आहे, आणि हा प्रश्न संदेशात कुठेही नाही. जुन्या, गोल बटणाच्या ओव्हनमध्ये आतल्या भिंतीला तांब्या-स्टीलची बारीक नळी आणि तिच्या टोकाला पेन्सिलीएवढा बल्ब (दिवा नव्हे, द्रवाने भरलेली कुपी) असतो. आतला द्रव तापून फुगतो आणि थर्मोस्टॅटमधला विजेचा संपर्क तोडतो. हा बल्ब आपल्या पकडीतून निसटून कॉइलच्या जवळ झुकला, तर त्याला खरी हवा आहे त्यापेक्षा गरम भासते आणि ओव्हन लवकर बंद होऊन थंड राहतो. उपाय बल्ब पुन्हा पकडीत बसवणे हाच; खर्च शून्य. बल्बवर तुपाचे आणि साखरेचे जाड पुट चढले असेल तर तो उशिरा जागा होतो आणि तापमानाचे हेलकावे मोठे होतात. मात्र नळीतला द्रव गळून गेला असेल तर संपर्क तुटतच नाही आणि ओव्हन तापतच राहतो. तीन तक्रारी, तीन कारणे, आणि त्यांतल्या एकाच वेळी नवा थर्मोस्टॅट लागतो.

आकडे दाखवणाऱ्या ओव्हनमध्ये बहुधा प्लॅटिनमचा सेन्सर असतो; तापमान वाढले की त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. तो १००० ओहमच्या जातीचा असेल, तर २५ अंशांना त्याचा रोध सुमारे १०९७ ओहम आणि १८० अंशांना सुमारे १६८५ ओहम भरतो. म्हणजे अंशाला साधारण पावणेचार ओहम. आता मागच्या बाजूची जोडणी गंजून तिथे ४० ओहमचा जादा रोध आला, तर नियंत्रकाला ओव्हन दहा-अकरा अंश जास्त गरम वाटतो आणि तो कॉइल तेवढी आधी बंद करतो. माझ्या स्वतःच्या ओव्हनमध्ये हेच झाले होते. सेन्सरचा रोध त्याच्या टोकाशी अचूक आणि नियंत्रकापाशी जास्त भरला, तेव्हा चार महिन्यांच्या पावसाळ्याने हिरवी पडलेली एक पिन खरवडून साफ केली आणि काम भागले. मोजण्यापूर्वी एमसीबी (ओव्हनची वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद करणे आणि ओव्हन निवांत गार होऊ देणे हे सांगायला नको, तरी सांगतो.

आणि तापमान बिनचूक असूनही भाजणी बिघडू शकते, हे तर संदेशकर्त्याच्या ध्यानीमनीही नाही. ताईंच्या ओव्हनमध्ये खालची कॉइल तुटली होती, वरची एकटी हवा तापवत होती आणि थर्मामीटर प्रामाणिकपणे १८० दाखवत होता. १२०० वॅटच्या कॉइलचा रोध सुमारे ४४ ओहम भरायला हवा. मीटरवर जोडणीच दिसली नाही तर कॉइल तुटली. पंख्याच्या ओव्हनमध्ये पंखा मंदावला तरी एक कोपरा करपतो आणि दुसरा फिका राहतो. दाराच्या रबराची परीक्षा कागदाच्या पट्टीने होते : दार लावल्यावर पट्टी सहज ओढली गेली, तर त्या जागी रबर निकामी आहे. तळाशी अॅल्युमिनियमचा कागद अंथरण्याची सवय असेल तर ती आधी सोडावी.

सरसकट २० अंश वाढवण्याचा सल्ला तर वरच्या सगळ्यावर पाणी फिरवतो. १२०, १८० आणि २२० अशा तीन ठिकाणी सरासरी काढावी. तिन्हीकडे फरक सारखाच असेल, तर तो जुळवणीचा प्रश्न आहे. बऱ्याच ओव्हनमध्ये त्यासाठी सोय दिलेली असते, आकड्यांच्या ओव्हनमध्ये सेटिंगमध्ये आणि काही जुन्यांत बटणाच्या दांड्याजवळच्या स्क्रूमध्ये. फरक वाढत किंवा बदलत जात असेल, तर कुठलाही ठराविक आकडा मिळवून तो भरून निघणार नाही.

दहा वर्षांची मर्यादा कुठून आली ते संदेशात सांगितलेले नाही. नियंत्रकाचा बोर्ड जळाला आणि तो आता मिळत नसेल, किंवा आतली पेटी गंजून छिद्रे पडली असतील, तर ओव्हन बदलावा. वय मग आठ असो वा अठरा. मात्र बटण १८० वर असताना तापमान २३०, २५० असे चढतच गेले आणि दिवा विझलाच नाही, तर ‘नवा येईपर्यंत काम चालवा’ हा सल्ला धोक्याचा आहे. अशा वेळी थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटलेले असतात किंवा नळीतला द्रव गेलेला असतो. दार न उघडता एमसीबी खाली पाडावा आणि दुरुस्ती होईपर्यंत तो वर करू नये. संदेशातले निदान खरे ठरते ते बहुतेक याच एका प्रसंगी.