घर आसताना हय कित्याक?

फुकट या शब्दावर माझं लहानपणापासून प्रेम आहे. त्यामुळे भाचा म्हणाला, "मामा, नदीकाठी तंबू ठोकून राहायचं, एक पैसा लागत नाही," तेव्हा त्याचं पुढचं बोलणं मी नीट ऐकलंच नाही. पुढचं असं होतं: संडास नाही, नळ नाही, दिवा नाही, गादी नाही. याला प्रिमिटिव्ह कॅम्पिंग म्हणतात म्हणे. माझ्या आजोबांनी उभा जन्म असाच काढला, फक्त त्यांना त्याचं नाव माहीत नव्हतं.

मग फुकटाची खरेदी सुरू झाली. तंबू ६,५००, दोन स्लीपिंग बॅगा ४,८००, कपाळाला बांधायचे दोन दिवे, घडीचं फावडं, घडीचा स्टोव्ह, आणि चव लाकडाच्या भुशासारखी असलेले डझनभर एनर्जी बार. सगळं मिळून १४,३०० रुपये झाले. कणकवलीपर्यंतचं रेल्वेचं तिकीट त्यात सगळ्यात स्वस्त पडलं.

आमचं गाव कणकवली तालुक्यात, फोंडाघाटाच्या पायथ्याकडे. घाटमाथ्यापासून समुद्रापर्यंत इथं जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरांची पट्टी, त्यामुळे आमच्या नद्यांना दम म्हणून नाही. पावसात घाटावरून ज्या धावत सुटतात त्या थेट खाडीत. एप्रिल उजाडेपर्यंत पात्रात नुसते गोटे आणि अधूनमधून एखादी कोंड, म्हणजे खोल डोह, उरते. डिसेंबरात मात्र नदी बघावी. पाणी गुडघाभर आणि इतकं नितळ की तळाचे गोटे मोजून घ्यावेत. ही आमची नदी पुढे गडनदीला मिळते. तिच्यापासून चारशे पावलांवर आमचं घर आहे. मंगलोरी कौलांचं, आठ खोल्यांचं, आणि त्यात राहायला काका, काकू आणि एक मांजर. आम्ही येणार म्हणून काकूने तीन दिवस गाद्या उन्हात घातल्या होत्या.

त्या गाद्यांकडे न बघता आम्ही नदीवर गेलो.

भाच्याने वाचून ठेवलेल्या नियमांप्रमाणे सपाट जागा शोधली आणि तंबू उभा करायला घेतला. पहिला बांबू, म्हणजे त्या अ‍ॅल्युमिनियमच्या काड्या, जोडून होतात न होतात तोच पलीकडच्या चवळीच्या वाफ्यातून एक म्हातारी आली. कमरेवर हात ठेवून तिने आधी तंबू बघितला, मग मला.

"कोणाचो रे तू?"

कोकणात या प्रश्नाला आपलं नाव सांगून भागत नाही. वडलांचं, आजोबांचं, वाडीचं आणि शेवटी आजीच्या माहेरचं नाव सांगितल्यावर तिच्या डोळ्यांत ओळख पटली आणि त्याबरोबर काळजीही आली. आवाज खाली आणून ती म्हणाली, "मगे घर आसताना हय कित्याक? घरात भांडाण झाला काय?"

भांडण नाही, मजा म्हणून, असं मी सांगितलं. ते तिला भांडणापेक्षा वाईट वाटलं असावं. जाता जाता ती एवढंच म्हणाली, "रातीक पाणी येतला हां."

डोंबिवलीच्या माणसाला पाणी येणार म्हटलं की बादल्या आठवतात. "बघ," मी भाच्याला म्हणालो, "गावची माणसं कशी असतात. रात्री पिण्याचं पाणी पाठवणार आहेत."

यानंतर तासाभरात सात माणसं आली. प्रत्येकाने तेच विचारलं, फक्त कारणं वेगळी सुचवली. एकाला वाटलं मला बायकोने बाहेर काढलं. एकाला वाटलं नोकरी गेली. बँकेची माणसं मागे लागली आहेत काय, असं एकाने फार आपुलकीने विचारलं आणि लपायला आपला गोठा देऊ केला.

आठवे आले ते आमचे चुलत भाऊ. वयाने मोठे, म्हणून दादा. ते तंबूकडे बघतच नव्हते. ते बघत होते तंबूच्या खुंट्यांकडे. भाच्याने हौसेने भगव्या रंगाच्या घेतल्या होत्या, दुरून दिसाव्यात म्हणून. त्या दिसल्या होत्या.

"मोजणी आणलस काय?"

इथं थोडं थांबून नदीकाठच्या त्या तुकड्याबद्दल सांगितलं पाहिजे. भाच्याच्या मते ती 'मोकळी जागा' होती. कोकणात मोकळी जागा नावाची वस्तू नाही. जिथं काहीच दिसत नाही तिथं सातबारा असतो. या तुकड्याच्या सातबारावर सदतीस नावं आहेत, त्यातली चौदा माणसं वारलेली, सहा मुंबईत, दोघांचा पत्ता नाही, आणि बाकीची एकमेकांशी बोलत नाहीत. चार पिढ्यांत वाटप झालेलं नाही. त्या जागेत गवताशिवाय काही उगवत नाही, पण वाद मात्र बारमाही पिकतो. अशा जागेत मी, सदतिसांपैकी एकाचा मुलगा, मुंबईहून येऊन, कुणाला न सांगता, बारा भगव्या खुंट्या ठोकत होतो.

"दादा, हा तंबू आहे. उद्या काढणार."

"पयले सगळे उद्याच काढतत," दादा म्हणाले आणि खुंट्यांचा मोबाइलवर फोटो काढून गेले.

पाच वाजता बोरिवलीहून चुलत बहिणीचा फोन आला. "तू म्हणे नदीवर कंपाउंड घालतोयस?" साडेपाचला ठाण्याहून विचारणा झाली की बंगल्याचा प्लॅन पास झाला का. साडेसहाला भांडुपच्या पुतण्याने अभिनंदन केलं आणि रिसॉर्टमध्ये काही नोकरी असेल तर कळव म्हणाला. त्यानंतर रेंज गेली. नाहीतर आठपर्यंत विमानतळ झाला असता.

आता तो विषय काढायलाच हवा, जो या प्रकारात सगळ्यांच्या मनात असतो. नियम असा: पाण्यापासून दोनशे फूट लांब जायचं, सहा ते आठ इंच खोल खड्डा खणायचा, काम झालं की मातीने बुजवायचा. नियम चांगलाच आहे, नदीचं पाणी खाली कुणीतरी पितं. पण तो लिहिणाऱ्याने जांभा दगड पाहिलेला नसावा. आमच्याकडे वरची चार बोटं माती गेली की जांभा लागतो. जमिनीखाली असतो तोवर तो चिऱ्यासाठी कापता येतो, पण उघड्यावर वारा-ऊन खाऊन असा घट्ट होतो की त्याची घरं शंभर वर्षं उभी राहतात. माझं घडीचं फावडं पहिल्याच घावाला पुन्हा घडी झालं. मऊ जागा शोधत मी सरकत राहिलो. दोनशे फूट झाले, तिथं कुणाच्या तरी काजूच्या कलमांना पाणी देणारा गडी उभा होता, त्याने विचारलं, "कोणाचो रे तू?" आणखी सरकलो. असं सरकत सरकत मी आमच्याच परसात पोचलो. काकू विहिरीवर भांडी घासत होती. तिने माझ्याकडे बघितलं, हातातल्या फावड्याकडे बघितलं, आणि काही न बोलता संडासातला दिवा लावला.

भाच्याला मी सांगितलं नाही. तोही मधे अर्धा तास कुठे गेला होता ते मी विचारलं नाही.

रात्रीचा स्वयंपाक नदीकाठच्या तीन गोट्यांच्या चुलीवर करायचा होता, कारण घडीच्या स्टोव्हचा गॅस रेल्वेत नेता येत नाही हे खरेदीनंतर कळलं. लाकडं दंवाने ओली. तासभर फुंकून डोळे गेले, नूडल्स तशाच कडक राहिल्या. तेवढ्यात काका बॅटरी घेऊन आले, हातात चार पुडांचा डबा. कुळथाची पिठी, भात, भाजलेला बांगडा, सोलकढी. भाचा म्हणाला हे नियमात बसत नाही. मग त्याने दोन बांगडे खाल्ले.

जाताना काका म्हणाले, "गोटे उचलताना बघून उचला रे. रातची जनावरां आसतत."

"मामा, म्हणजे गाई-म्हशी?"

रात्री सापाचं नाव घेत नाहीत, म्हणून आमच्याकडे जनावर म्हणतात, हे सांगितल्यावर भाचा तंबूत गेला तो बाहेर आलाच नाही. गोट्यांखाली विंचवाची शक्यता जास्त, असं मी त्याला धीर द्यायला सांगितलं. कोकणातल्या तांबड्या विंचवाने पूर्वी माणसं दगावत. १९८०च्या दशकात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन नावाचं औषध लागू पडतं हे दाखवून दिलं, तेव्हापासून असंख्य जीव वाचले. हे मला माहीत होतं. महाड तिथून किती लांब आहे तेही माहीत होतं.

अंधारात गप्पा कुठे जातात ते कुणाच्या हातात नसतं. भाच्याने विचारलं, "मामा, इथं अजून काय असतं?" मी राखणदाराचं सांगितलं. आमच्याकडे गावाच्या प्रत्येक हद्दीला राखणदार असतो. रात्री काठी टेकत आपली हद्द फिरतो, गावाला सांभाळतो, फक्त त्याच्या वाटेत कुणी आडवं पडू नये. वेंगुर्ल्याजवळ आरवलीचा वेतोबा आहे, त्याला लोक नवसाच्या चामड्याच्या हातभर वहाणा वाहतात. रात्री देव गावभर फिरतो, म्हणून त्या वहाणांचे तळ झिजतात असं मानतात.

"आणि आपण कुणाच्या वाटेत नाही ना?"

मी उत्तर दिलं नाही. खरं म्हणजे मला ठाऊक नव्हतं.

दोनच्या सुमाराला पाय गार पडले. भाचा म्हणाला, हे कंडेन्सेशन. आपल्याच श्वासाची वाफ नायलॉनला लागून थेंब होऊन खाली पडते. छताला थेंब होतेच, त्यामुळे ते पटलं. पाय आखडून घेतले. थोड्या वेळाने कंबरही गार पडली. आपण दोघं मिळून इतका श्वास घेतो का, या शंकेवर आम्ही चांगली पाच मिनिटं चर्चा केली. मग भाच्याने कपाळाचा दिवा लावून चेन उघडली आणि तो दिवा एकाच जागी खिळला.

"मामा," त्याचा आवाज कुठल्या तरी खोल कोंडीतून आला. "चप्पल चालतेय."

मी पाहिलं. दारात काढून ठेवलेली माझी डाव्या पायाची चप्पल, आत कुणाचाही पाय नसताना, सावकाश, डौलात, उजवीकडून डावीकडे निघाली होती. दारासमोर आली, थोडी वळली, जणू आत कोण आहे ते बघितलं, आणि पुढे गेली. तिच्या मागून उजवी.

त्याच वेळी पलीकडून एक दिवा हलत येताना दिसला. दिव्यासोबत काठीचा आवाज. खांद्यावर घोंगडी.

त्या क्षणी आम्ही दोघांनी काय केलं ते लिहिण्यासारखं नाही. भाच्याने माझा हात धरला आणि मी, वय वर्षं सत्तेचाळीस, "आई गो" असं शुद्ध मालवणीत ओरडलो. इतकी वर्षं डोंबिवलीत काढूनही भाषा टिकून होती.

"कोणाचो रे तू?" राखणदाराने विचारलं.

तो वाडीतला एक आजोबा निघाला. पाणी बघायला आला होता. झालं होतं असं की त्याच दिवशी सकाळी गावाने श्रमदानाने खाली वनराई बंधारा घातला होता, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत वाळू भरून. दरवर्षी पावसाळा सरला की घालतात, वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या, शेतीला आणि विहिरींना पाणी राहावं म्हणून. संध्याकाळी शेवटची फट बुजवली आणि पाणी रात्रभर हळूहळू मागे चढत आलं. "तुमका सांगितला नाय कोणी? पाणी येतला म्हणान?"

सांगितलं होतं. आम्ही बादली काढून ठेवली होती.

घोट्याभर पाण्यात तंबू गुंडाळताना आजोबांनी विचारलं, "जागेवाल्याक नारळ ठेवलस?" जागेवाला म्हणजे तोच राखणदार. नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. इतक्या रात्री नारळ कुठला? मी बॅगेतून एक एनर्जी बार काढून दिला. त्यांनी तो दिव्यापाशी धरून उलटसुलट पाहिला, हुंगला, एका गोट्यावर ठेवला, आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज जी काय ही मुंबयची लेकरां तुझ्या वाटेत येवन झोपली..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"घर आसताना, गादी आसताना, तेंका ही बुद्धी झाली, तेंची चूक पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!"

"इचू-काटो, जनावर, तेंच्या वाटेक येव नको. आनी आता तेंका सुखरूप घराकडे जावची बुद्धी दी रे म्हाराजा!"

हे शेवटचं "व्हय म्हाराजा" काकूला घरात ऐकू गेलं असं ती सांगते. आम्ही पोचलो तेव्हा माजघरात गाद्या घातलेल्याच होत्या. चहाचं आधणही ठेवलेलं होतं.

सकाळी खुंट्या मोजल्या तर दहाच. दोन पाण्याखाली राहिल्या. मी काढायला निघालो तर काका म्हणाले थांब. दादा आणि पलीकडच्या घरातले दुसरे भाऊ नदीवर उभे होते. एकाच्या मते एक खुंटी बरोबर जुन्या हद्दीवर बसली होती, आजोबा म्हणायचे तिथंच. दुसऱ्याच्या मते ती तीन हात आत होती आणि मला तिथं कुणीतरी ठोकायला लावली होती. तीस वर्षांनी दोघं एकमेकांशी बोलत होते, आणि आवाज आमच्या परसापर्यंत येत होता.

आता फेब्रुवारीत मोजणी आहे. मला साक्षीला बोलावलंय. दादांनी फोन करून बजावलं, खुंटीला हात लावायचा नाही. दुसऱ्यांनीही तेच बजावलं. भाचा म्हणतो, मामा, त्या दोन खुंट्यांचे १८० रुपये होतात, कुणाकडे मागायचे?