शेवटी 'एस' लावला म्हणून जाहिरात 'सेवा' होत नाही

"आपल्या खात्यातले 500 पॉइंट्स आज संपणार! लगेच या, 20 टक्के सूट मिळवा." हा मेसेज कुठल्या सदरात मोडतो? जाहिरातीच्या. आणि पाठवणाऱ्याच्या नावापुढे काय लागलंय? 'एस'. म्हणजे सर्व्हिस!

ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, 2025 मध्ये नियम बदलून हेडरच्या, म्हणजे पाठवणाऱ्याच्या नावाच्या, शेवटी अक्षर आणलं ते याचसाठी: जाहिरातीला 'पी', सेवेला 'एस', व्यवहाराला 'टी', सरकारीला 'जी'. लोकांनी 1909 ला 'स्टार्ट 0' पाठवून डीएनडी, म्हणजे जाहिराती बंद करायची सोय, घेतलेलं असतं. त्यांच्यापर्यंत 'पी' पोहोचत नाही, 'एस' पोहोचतो. मग काय, घाला जाहिरात सेवेच्या कपड्यात! बिलाची किंवा पॉइंट्सची एक ओळ पुढे, शेपटीला सेल. अरे, सेवेच्या मजकुरात जाहिरात मिसळली की अख्खा मेसेज जाहिरातच धरला जातो, हे त्याच नियमात लिहिलंय. डीएलटीवर, म्हणजे असे मेसेज आधी नोंदवायच्या यंत्रणेवर, टेम्प्लेट (मेसेजचा ठरलेला साचा) मंजूर करून घेताना मजकूर साळसूद, अन् ऑफर नंतर व्हेरिएबलमधून, म्हणजे साच्यात भरायच्या रिकाम्या जागेतून, आत. वर हेच पाठवणारे मेसेज अडकला की "डीएलटी बोगस आहे" म्हणून बोंबलणार. 1 ऑक्टोबर 2024 पासून लिंक आधी व्हाइटलिस्ट करावी, म्हणजे नोंदवून मंजूर करून घ्यावी लागते. ती न करता तिऱ्हाईत शॉर्टनरची (लिंक आखूड करून देणाऱ्या साइटची) लिंक चिकटवली तर मेसेज जाणारच नाही. यात डीएलटीचा काय दोष?

बरं, मराठीत पाठवता तर निदान अक्षरं तरी मोजा! मराठी अक्षरं ज्या पद्धतीने पाठवली जातात त्या युनिकोडमध्ये एका एसएमएसला 70 जागा, आणि जोडाक्षरातला हलन्त, काना, वेलांटी सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'श्री' म्हणजे चार. "प्रिय ग्राहक, दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा" एवढ्यातच 41 खलास. उरलेल्या 29 मध्ये दुकानाचं नाव, ऑफर, लिंक आणि नको असल्यास बंद करायची सोय कुठे बसणार? 70 ओलांडले की प्रत्येक तुकड्यात 67 च मिळतात आणि बिल तुकड्यांप्रमाणे. इंग्रजी मेसेजमध्ये हौसेने '₹' टाकलात तरी 160 ची मर्यादा थेट 70 वर येते, रोमन लिपीत 'Rs.' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? मग पैसे वाचवायला पहिली कात्री कशावर? बंद करायच्या सोयीवर! जी जाहिरातीत द्यावीच लागते. आणि कुणी एकदा नको म्हटलं की 90 दिवस पुन्हा संमती मागायची नाही.

गिऱ्हाइकांनीही नुसतं चरफडत बसू नये. मेसेज आल्यापासून 7 दिवसांच्या आत मजकूर, हेडर आणि तारीख 1909 ला कळवा, नाहीतर ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपमधून तक्रार करा. मेसेज तेवढा आधी डिलीट करू नका.