सोन्यावर इतिहासाचा मुलामा

अमेरिकेत राहता ना? मग यंदा धनत्रयोदशीला वळं-बिस्किट सोडा आणि मेक्सिकोचं पन्नास पेसोंचं सोन्याचं नाणं घ्या, 'सेंतेनारियो'. मेक्सिकोच्या स्वातंत्र्याची शंभरी झाली म्हणून 1921 साली ते पाडायला सुरुवात झाली. एका बाजूला पंखवाली विजयदेवता, हातात लॉरेलच्या पानांचा मुकुट नि तुटलेल्या साखळ्या, मागे दोन ज्वालामुखी. डावीकडे 1821, उजवीकडे त्या-त्या नाण्याचं साल.

मागताना 1947 चंच मागा. तुमचं आडनाव ऐकलं की दुकानदार स्वतःच म्हणेल, "युवर इंडिपेंडन्स इयर!" डोळे पाणावू द्या. देशभक्तीत घासाघीस शोभत नाही.

लाकडी पेटी दिली म्हणजे नाणं दुर्मीळ, हे वेगळं सांगायला नको.

1949 ते 1972 या काळात अशी सुमारे 40 लाख नाणी पुन्हा पाडली गेली (यांनाच 'रिस्ट्राइक' म्हणतात) आणि बहुतेकांवर 1947 च घातलं गेलं, असल्या किरकोळ गोष्टी मनात आणू नका.

विकायला त्याच दुकानात जा. मी नुकताच गेलो होतो, मित्राबरोबर. तोच काउंटर, तोच माणूस, तीच पेटी. मित्राला विकताना यानेच 'हिस्टॉरिकल, व्हेरी रेअर' म्हणून सोन्याच्या भावाच्या वर भरमसाट पैसे उकळले होते. आता भिंग लावून म्हणतो, "हे रिस्ट्राइक आहे, वितळवल्यावर उरेल त्या सोन्याचाच भाव मिळेल." त्यातूनही कापून! मग विकलंस तेव्हा काय होतं? तुझ्या तिजोरीत असेपर्यंत अस्सल आणि आमच्या कपाटात आल्यावर रिस्ट्राइक? आणि पेटी? "यू कॅन कीप द बॉक्स." वा! पैसे लावले होतेस ना रे तिचे?

रिस्ट्राइकमध्ये खोट काहीच नाही. पाडलेलं टांकसाळीतच, वजन तेच 41.67 ग्रॅम, सोनं तेच हजारात 900. नुसतं सोनंच घ्यायचंय तर बेलाशक घ्या, पण सोन्याच्या भावाच्या आसपास. इतिहासाचे पैसे मोजायचे असतील तर 1921 चं नाणं शोधा आणि जाणकाराला दाखवून घ्या.

एवढं एमएस करून आलात, 1947 वाचता येतं, मग त्याच नाण्यावर छापलेलं '37.5 ग्रॅम शुद्ध सोनं' का दिसत नाही? आजचा भाव फोनवर आहे. गुणाकार करा! तेवढाही न करता कार्ड पुढे केलंत, तर नंतर मला फोन करून रडू नका.